मायएसक्यूएलमध्ये मराठी नीट साठवायचं तर: डिफॉल्ट कॅरेक्टर सेट बसवण्याची पूर्ण पद्धत

एका वाचनालयाच्या पुस्तकसूचीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा शीर्षकाच्या रकान्यात ओळीनं प्रश्नचिन्हं होती. कुणीतरी दोन महिने बसून देवनागरीत टंकलेली नावं होती ती. टंकताना पडद्यावर सगळं नीट दिसत होतं. त्यामागच्या मायएसक्यूएल या डेटाबेसनं मात्र त्या अक्षरांच्या जागी खरोखरचीच प्रश्नचिन्हं लिहून ठेवली होती, त्यामुळे परत मिळवायला काही उरलंच नव्हतं. कागदी रजिस्टर शाबूत होतं म्हणून सगळं पुन्हा टंकता आलं. असं आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून ही पद्धत जरा तपशिलात लिहितो आहे.

लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या. उदाहरणातल्या डेटाबेसचं नाव 'ग्रंथालय', टेबलाचं 'पुस्तके' आणि रकान्याचं 'शीर्षक'.

गोंधळ मुळात कुठून येतो

मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्माला आलं. ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत त्याचा डिफॉल्ट (काही न सांगता लागू होणारा) कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची याचा नियम, 'लॅटिन१' आणि डिफॉल्ट कोलेशन, म्हणजे तुलनेचा आणि क्रमाचा नियम, 'लॅटिन१_स्वीडिश_सीआय' होतं, ते त्यामुळेच. पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनात मराठी टेबलापुढे 'स्वीडिश' हा शब्द पाहून अनेकजण चक्रावतात. कुणी चुकून काही निवडलेलं नसतं. कुणी काहीच निवडलं नाही, म्हणून ते तसं राहिलेलं असतं. २०१८ साली आलेल्या ८.० पासून डिफॉल्ट 'यूटीएफ८एमबी४' झाला. पण जुन्या सर्व्हरवर तयार झालेली टेबलं आवृत्ती बदलली तरी आपली जुनीच ओळख घेऊन पुढे येतात.

दुसरा गोंधळ नावाचा. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' असं लिहिलं की वर्षानुवर्षं त्याचा अर्थ 'यूटीएफ८एमबी३' असा होत आला. म्हणजे एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट. खऱ्या यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत) चार बाइटपर्यंत जाता येतं, आणि तो पूर्ण प्रकार 'यूटीएफ८एमबी४' या नावानं ५.५.३ पासून मिळतो. युनिकोड या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातला देवनागरीचा मुख्य पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ असा आहे आणि त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आहे. म्हणून अपुऱ्या 'यूटीएफ८'मध्येही मराठी व्यवस्थित बसतं आणि वर्षभर कुणाला काही जाणवत नाही. मग एक दिवस कुणीतरी अभिप्रायात इमोजी टाकतं आणि सर्व्हर १३६६ क्रमांकाची एरर देतो. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर त्याहून वाईट घडतं. इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो आणि मागे राहते फक्त एक वॉर्निंग, जी सहसा कुणी वाचत नाही.

इमोजी नकोत म्हणून चार बाइट नकोत, असं कुणी म्हणालं तर मी मोडीचं उदाहरण देतो. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिचा पट्टा यू+११६०० पासून सुरू होतो. हे प्रत्येक अक्षर चार बाइटचं आहे. जुन्या दप्तरांच्या याद्या मोडीतूनच साठवायच्या असतील, तर 'यूटीएफ८एमबी४' ला पर्याय नाही.

पायरी १: आत्ता काय आहे ते बघा, आणि बाइटमध्ये बघा

ही पायरी सोडून थेट बदल करायला घेतला की चांगला डेटा बिघडतो, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी सर्व्हरला विचारा:

शो व्हेरिएबल्स लाइक 'कॅरेक्टर_सेट_%';
शो व्हेरिएबल्स लाइक 'कोलेशन_%';

उत्तरात बरेच व्हेरिएबल दिसतील. 'सर्व्हर' हा नवा डेटाबेस बनताना लागणारा डिफॉल्ट. 'डेटाबेस' हा आत्ता निवडलेल्या डेटाबेसचा. 'क्लायंट', 'कनेक्शन' आणि 'रिझल्ट्स' हे तिघे तुमच्या जोडणीचे: तुम्ही काय पाठवता आहात, सर्व्हर ते कशात वाचतो आणि उत्तर कशात देतो. 'फाइलसिस्टिम' पुढे 'बायनरी' आणि 'सिस्टिम' पुढे 'यूटीएफ८' किंवा 'यूटीएफ८एमबी३' दिसलं तर घाबरू नका, ते तसंच असतं.

मग टेबलाकडे वळा:

शो क्रिएट टेबल पुस्तके;

यात टेबलाच्या शेवटी त्याचा डिफॉल्ट दिसतो. एखाद्या रकान्याचा कॅरेक्टर सेट वेगळा असेल तर तो त्या रकान्याच्या ओळीत दिसतो. प्रत्येक ओळ वाचा. मी पाहिलेल्या एका टेबलात सतरा रकाने एका प्रकारचे होते आणि नेमका 'लेखक' हा एकच दुसऱ्या.

आता मुख्य तपासणी. ज्याचं खरं शीर्षक तुम्हाला नक्की माहीत आहे अशी एक नोंद घ्या. समजा, तिथे नुसतं 'राम' असायला हवं:

सिलेक्ट शीर्षक, हेक्स(शीर्षक), कॅर_लेंग्थ(शीर्षक), लेंग्थ(शीर्षक) फ्रॉम पुस्तके व्हेअर आयडी = १;

'राम' मध्ये र, काना आणि म अशी तीन चिन्हं आहेत, प्रत्येकी तीन बाइटची. त्यामुळे अक्षरसंख्या ३ आणि बाइट ९ यायला हवेत, आणि हेक्सची, म्हणजे सोळा-आधारी अंकांत दाखवलेल्या बाइटची, सुरुवात 'ई०ए४' अशी दिसायला हवी. तसं आलं तर डेटा निरोगी आहे.

हेक्स तसाच, पण अक्षरसंख्याही ९ आली, तर बाइट बरोबर आहेत आणि रकान्याला मात्र ती नऊ वेगळी लॅटिन अक्षरं वाटत आहेत. रकाना 'लॅटिन१' आणि मजकूर यूटीएफ-८, असा हा प्रकार. जुन्या मराठी संकेतस्थळांत हाच सर्वाधिक भेटतो. संकेतस्थळ नीट दिसत राहतं, कारण जोडणीसुद्धा 'लॅटिन१'च असते आणि बाइट जसे आत गेले तसेच बाहेर येतात. दोन चुका एकमेकींना झाकून घेतात.

अक्षरं ९, बाइट १८ आणि हेक्सची सुरुवात 'सी३ए०सी२ए४' अशी असेल, तर मजकुराचं दोनदा एन्कोडिंग झालं आहे, म्हणजे यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन अक्षरं समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले गेले आहेत. बाइट नेमके दुप्पटच दिसतील असं नाही. 'मराठी' या शब्दाचे मूळ बाइट १५, तर दुहेरी झाल्यावर ३१ होतात, कारण दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट लॅटिन१मध्ये युरोचं चिन्ह ठरतो आणि ते चिन्ह एकटंच तीन बाइट घेतं.

आणि हेक्समध्ये नुसती '३एफ ३एफ ३एफ' अशी रांग असेल, तर ती खरी प्रश्नचिन्हं आहेत. त्यातून काही परत येत नाही. जुना बॅकअप शोधायला लागा.

आणखी एक शक्यता महाराष्ट्रात हमखास भेटते. हेक्समध्ये साधी रोमन अक्षरं, आणि पडद्यावर विशिष्ट फॉन्ट लावला की मराठी. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर असा असतो. तो कॅरेक्टर सेट बदलून सुधारत नाही. त्याला त्या त्या फॉन्टाचा कन्व्हर्टर लागतो, आणि ते काम या सगळ्याच्या आधी उरकावं लागतं.

तपासणी एका नोंदीवर थांबवू नका. सर्वात जुन्या, मधल्या आणि काल भरलेल्या नोंदी घ्या. मधेच कधीतरी प्रोग्रॅम बदललेला असतो आणि एकाच रकान्यात दोन प्रकारचा डेटा राहत असतो.

पायरी २: बॅकअप

मायएसक्यूएलडंप हे बॅकअपचं साधन चालवताना '--डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४' हा पर्याय स्पष्ट लिहा. जुन्या आवृत्त्यांत डंपचा स्वतःचा डिफॉल्ट तीन बाइटवाला 'यूटीएफ८' होता, म्हणजे मूळ टेबलात नीट असलेले इमोजी बॅकअपमध्येच हरवायचे. विंडोजवर पॉवरशेलमधून बाणाच्या चिन्हानं फाइलमध्ये आउटपुट वळवू नका. ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये तयार होते आणि परत भरताना अडते. त्याऐवजी '--रिझल्ट-फाइल' वापरा. मग तो बॅकअप दुसऱ्या नावाच्या डेटाबेसमध्ये भरून बघा. पुढचे सगळे प्रयोग या प्रतीवर करायचे.

पायरी ३: सर्व्हरचा डिफॉल्ट

लिनक्सवर सेटिंगची फाइल 'माय.सीएनएफ'. ती ईटीसी फोल्डरात किंवा त्याच्या आतल्या मायएसक्यूएल फोल्डरात असते. विंडोजवर 'माय.आयएनआय', आणि ती प्रोग्रॅमडेटा नावाच्या फोल्डरात असते. हा फोल्डर लपवलेला असतो, तेव्हा आधी तो दिसेल असं करून घ्या. फाइलमध्ये हे भरा:

[क्लायंट]
डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट = यूटीएफ८एमबी४

[मायएसक्यूएलडी]
कॅरेक्टर-सेट-सर्व्हर = यूटीएफ८एमबी४
कोलेशन-सर्व्हर = यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय

दोन विभागांतली नावं वेगळी आहेत, ती अदलाबदल करू नका. इंटरनेटवरच्या फार जुन्या सूचनांत 'डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट' ही ओळ मायएसक्यूएलडी विभागातही टाकायला सांगितलेली असते. तो पर्याय ५.५ मध्ये सर्व्हरमधून काढून टाकला गेला. ती ओळ तिथे राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही.

८.० च्या आधीच्या आवृत्तीत किंवा मायएसक्यूएलपासून निघालेल्या मारियाडीबीवर '०९००' वालं कोलेशन ओळखलं गेलं नाही, तर 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' घ्या. फाइल सेव्ह करून सर्व्हिस पुन्हा सुरू करा, नव्यानं लॉगिन करा आणि पायरी १ मधली पहिली आज्ञा परत चालवा.

सर्व्हरच्या फाइलपर्यंत हात पोचत नसेल, पण पुरेसे अधिकार असतील, तर ८.० मध्ये 'सेट पर्सिस्ट कॅरेक्टर_सेट_सर्व्हर' ही आज्ञा तेच काम करते आणि रीस्टार्टनंतरही टिकते. कोलेशनसाठीही ती तशीच द्यावी लागते. शेअर्ड होस्टिंगवर तेवढंही मिळत नाही. तिथे काळजी करत बसू नका, पुढच्या पायरीत डेटाबेसवरच स्पष्ट लिहिलं की पुरतं.

पायरी ४: डेटाबेस, टेबल, रकाना

डिफॉल्ट हा फक्त नव्यानं जन्मणाऱ्या गोष्टींना लागू होतो. सर्व्हरचा डिफॉल्ट नव्या डेटाबेसला, डेटाबेसचा नव्या टेबलाला, टेबलाचा नव्या रकान्याला. आधीपासून असलेल्यांना त्याची झळ लागत नाही. 'सेटिंग तर बदललं, तरी मराठी येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

नवा डेटाबेस असेल तर काम सोपं:

क्रिएट डेटाबेस ग्रंथालय कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय;

जुना असेल तर आधी डेटाबेस:

ऑल्टर डेटाबेस ग्रंथालय कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय;

आणि मग एकेक टेबल:

ऑल्टर टेबल पुस्तके कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय;

यातले 'कन्व्हर्ट टू' हे शब्द महत्त्वाचे. ते गाळून 'डिफॉल्ट कॅरेक्टर सेट' लिहिलंत तर टेबलाची पाटी बदलते, रकाने जसेच्या तसे राहतात.

आणि ही आज्ञा फक्त निरोगी डेटावर चालवायची. 'लॅटिन१' रकान्यात यूटीएफ-८ बाइट असतील आणि तुम्ही 'कन्व्हर्ट टू' चालवलंत, तर सर्व्हर प्रामाणिकपणे त्या नऊ 'लॅटिन अक्षरांचं' भाषांतर करतो आणि तुमच्या हाती दुहेरी एन्कोडिंग येतं. अशा रकान्याला बायनरीच्या वाटेनं न्यावं लागतं, म्हणजे सर्व्हर बाइटना हात लावत नाही:

ऑल्टर टेबल पुस्तके मॉडिफाय शीर्षक वारबायनरी(२५५);
ऑल्टर टेबल पुस्तके मॉडिफाय शीर्षक वारचार(२५५) कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ नॉट नल;

'टेक्स्ट' रकाना असेल तर मधला टप्पा 'ब्लॉब'. मॉडिफायमध्ये 'नॉट नल', डिफॉल्ट किंमत, कॉमेंट हे सगळं पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर ते गळून जातं. रकान्यावर फुल-टेक्स्ट इंडेक्स (मजकुरात शोधण्यासाठीची सूची) असेल तर तो आधी काढा, नंतर परत बनवा. वाचनालयाच्या यादीतल्या जुन्या नोंदी मी याच वाटेनं सोडवल्या.

दुहेरी झालेला डेटा उलट फिरवून सुधारता येतो:

अपडेट पुस्तके सेट शीर्षक = कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(शीर्षक यूझिंग लॅटिन१) अॅज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४) व्हेअर हेक्स(शीर्षक) लाइक '%सी३ए०सी२ए४%' ऑर हेक्स(शीर्षक) लाइक '%सी३ए०सी२ए५%';

'व्हेअर'ची अट गाळू नका. चांगल्या देवनागरी नोंदीवर हीच आज्ञा चालली तर त्या नोंदीची प्रश्नचिन्हं होतील. आधी त्याच अटीनं 'सिलेक्ट' करून किती नोंदी सापडतात आणि सुधारून कशा दिसतात ते पाहा.

लांबी आणि इंडेक्स

'वारचार(५०)' मधले पन्नास म्हणजे पन्नास युनिकोड चिन्हं. मराठी वाचकाला जे एक अक्षर वाटतं ते अनेक चिन्हांचं असतं. 'स्त्री' हे एकच जोडाक्षर स, हलंत, त, हलंत, र आणि वेलांटी अशा सहा चिन्हांचं आणि १८ बाइटचं. 'महाराष्ट्र' मध्ये दहा चिन्हं, ३० बाइट. इंग्रजी नावांच्या अंदाजानं ठेवलेले रकाने मराठीला म्हणूनच तोकडे पडतात. 'टेक्स्ट' प्रकाराची मर्यादा तर ६५,५३५ बाइटची, म्हणजे देवनागरीची जेमतेम २१,८४५ चिन्हं. दीर्घ लेखांसाठी 'मीडियमटेक्स्ट' घ्या. 'कन्व्हर्ट टू' केल्यावर 'टेक्स्ट'चं आपोआप 'मीडियमटेक्स्ट' झालेलं दिसलं तर ते याच कारणानं.

इंडेक्सचा अडथळा जुन्या टेबलांवर येतो. 'कॉम्पॅक्ट' प्रकारच्या इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवणप्रकार) टेबलात इंडेक्सच्या एका रकान्याला ७६७ बाइटची मर्यादा आहे. २५५ ला चारनं गुणलं की १,०२० होतात आणि १०७१ क्रमांकाची एरर येते. जुन्या प्रोग्रॅमांत १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो यामुळेच: १९१ चोक ७६४. आकडा कापण्यापेक्षा 'ऑल्टर टेबल पुस्तके रो_फॉरमॅट=डायनॅमिक' करा, मर्यादा ३,०७२ बाइटवर जाते. ५.७.९ पासून नवी टेबलं मुळातच डायनॅमिक असतात.

पायरी ५: जोडणी

डेटाबेस कितीही नीट बसवला तरी प्रोग्रॅमनं जोडणी करताना आपला कॅरेक्टर सेट सांगायलाच हवा. पीएचपीत पीडीओ वापरत असाल तर जोडणीच्या ओळीतच 'कॅरसेट=यूटीएफ८एमबी४', मायएसक्यूएलआय असेल तर 'सेट_कॅरसेट', पायथॉनच्या पायमायएसक्यूएलमध्ये 'कॅरसेट' हाच पर्याय. हाती क्वेरी चालवत असाल तर सुरुवातीला 'सेट नेम्स यूटीएफ८एमबी४'. वर सांगितलेले क्लायंट, कनेक्शन आणि रिझल्ट्स हे तिन्ही व्हेरिएबल त्या एका आज्ञेनं बदलतात.

'इनिट_कनेक्ट' मध्ये हीच आज्ञा टाकून सगळ्यांसाठी लागू करायचा मार्ग काहीजण सुचवतात. सर्वोच्च अधिकार असलेल्या यूझरसाठी ती चालतच नाही, म्हणून अॅडमिननं तपासलेलं आणि प्रोग्रॅमला मिळणारं वेगवेगळं निघतं. त्यावर विसंबू नका.

एक्सेलमधून याद्या भरताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारातच सेव्ह करा आणि 'लोड डेटा' आज्ञेत 'कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' लिहा. ही आज्ञा 'सेट नेम्स'कडे बघत नाही, ती डेटाबेसचा डिफॉल्ट धरते. एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइटही जोडतं. पहिली ओळ मथळ्यांची असेल आणि 'इग्नोर १ लाइन्स' दिलं असेल तर ते निघून जातात, नसेल तर पहिल्या पुस्तकाच्या क्रमांकाला चिकटतात.

कोलेशन: मराठीची खरी अडचण

कॅरेक्टर सेट मजकूर साठवतो, तर कोलेशन तुलना आणि क्रम ठरवतं. नावातल्या 'एआय' चा अर्थ चिन्हांचे दुय्यम फरक न मानणारं, 'एएस' म्हणजे मानणारं. 'सीआय' आणि 'सीएस' मधला तसाच भेद रोमन लहान-मोठ्या अक्षरांबद्दलचा. रोमन लिपीत हा भेद सोयीचा आहे. देवनागरीत मात्र बिंदू, नुक्ता अशा चिन्हांनी अर्थ बदलतो. म्हणून तुमच्या सर्व्हरवर हे चालवून बघा:

सिलेक्ट 'चिंता' = 'चिता' कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय;

उत्तर १ आलं तर त्या कोलेशनला हे दोन्ही शब्द एकच आहेत, आणि युनिक इंडेक्स असलेल्या रकान्यात दुसरा शब्द भरू दिला जाणार नाही. मग तीच क्वेरी 'यूटीएफ८एमबी४_०९००_एएस_सीएस' आणि 'यूटीएफ८एमबी४_बिन' लावून करा. 'तऱ्हा' आणि 'तर्हा' हीही जोडी घ्या. माझं मत असं: शोधाच्या रकान्यांना सैल कोलेशन चालतं, पण जिथे नाव एकमेव असायला हवं तिथे 'एएस_सीएस' द्या.

अकारविल्हे यादीत 'ळ' हे 'ल'च्या लगेच नंतर येतं, कारण युनिकोडचा सर्वसाधारण क्रम तसा आहे. आपल्या वर्णमालेत ते 'ह'च्या पुढे, आणि 'क्ष', 'ज्ञ' त्याच्याही पुढे. छापील सूचीसारखा क्रम हवाच असेल तर वेगळा क्रमांकनाचा रकाना ठेवावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरत असाल तर तिथे आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन निवडता येतं. तुमच्याच यादीवर ते पारखून घ्या.

'ॲ' चीही एक खोच आहे. काही कीबोर्ड ते एका चिन्हानं टंकतात, यू+०९७२. काही 'अ' वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी. दिसायला दोन्ही एक, बाइट वेगळे, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानंही ते एक होत नाहीत. मग 'ॲड' शोधलं की निम्म्या नोंदी सापडत नाहीत. भरतानाच 'रिप्लेस' वापरून सगळीकडे एकच रूप ठेवा.

दोन टेबलं जोडताना १२६७ क्रमांकाची 'इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स' ही एरर आली, तर एक टेबल जुन्या कोलेशनचं राहिलं आहे असं समजा आणि पायरी ४ त्याच्यावरही करा.

पायरी ६: खात्री

खऱ्या प्रोग्रॅमच्या फॉर्ममधूनच एक नोंद भरा. शीर्षकात 'दुसऱ्या स्त्रीची ज्ञानेश्वरी', त्यापुढे एक इमोजी, आणि टंकता येत असेल तर मोडीतलं एखादं अक्षर. मग हेक्स, अक्षरसंख्या आणि बाइट तपासा. विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत मराठीच्या जागी चौकोन दिसले तर लगेच डेटाबेसला दोष देऊ नका, ती खिडकी देवनागरी नीट दाखवत नाही. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये उघडा किंवा हेक्सकडे बघा. त्यानंतर ताजा बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर भरा आणि तीच नोंद तिथे काढून हेक्स शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का ते पाहा. जुळला की मूळ डेटाबेसवर हात घाला, आणि जुना बॅकअप निदान वर्षभर पुसू नका.